अपेक्षित मिनिटं

कोल्हापुरात एक वेळ देवाला नावं ठेवलेली चालतात, पण तालमीच्या सेंटर फॉरवर्डला ठेवलेली चालत नाहीत. प्रणोती इंगवले दर गुरुवारी संध्याकाळी नेमकं तेच करायची आणि तरीही शहरात तिला मान होता. तिच्या सदराचं नाव होतं ‘घ्या आणि बसवा’. शनिवारच्या सामन्यांसाठी कुठला खेळाडू संघात घ्यावा आणि कुणाला बाकावर बसवावं, एवढंच त्यात असायचं. पण गुरुवारी ते मोबाईलवर यायला पाच मिनिटं उशीर झाला, तर निवृत्त प्राचार्यांपासून मटणाच्या दुकानदारापर्यंत सगळे तिला फोन करत.

हा सल्ला खऱ्या संघांसाठी नव्हता. ‘कागदी अकरा’ नावाचा एक खेळ त्या सुमारास घराघरात शिरला होता. शहरातल्या सगळ्या तालमींच्या फुटबॉल संघांमधून आपले अकरा खेळाडू निवडायचे आणि शनिवारी ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळायचे. दर आठवड्याला दोघांना बसवून दोन नवे घेता येत. हंगामाच्या शेवटी जो पहिला येई, त्याला फेटा बांधून चौकातून मिरवत. एवढ्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले होते. कागदावरचा संघ म्हटला तरी अभिमान काही कागदी नसतो.

प्रणोतीला फुटबॉल कळायचा तो वडिलांमुळे. तिचे आबा चुनेकर तालमीचे गोलकीपर. पाच वर्षांची असल्यापासून ती स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून त्यांचा खेळ बघत आली. आबा एका सकाळी सरावाला जाताना बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उठलेच नाहीत. तंबाखूनं नेला, असं गल्लीचं मत पडलं. आई त्याआधीच गेली होती. धाकट्या विश्वजीतला मग प्रणोतीनंच वाढवलं. आता तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच चुनेकर तालमीचा मधल्या फळीतला खेळाडू होता. गल्ली त्याला विशू म्हणायची.

मात्र प्रणोतीचं नाव झालं ते नुसत्या नजरेमुळे नव्हे. तिच्यामागे ‘पारखी’ होता.

पारखी म्हणजे पुण्यातल्या एका कंपनीनं तयार केलेला अंदाज बांधणारा प्रोग्राम. प्रत्येक खेळाडू जर्सीच्या आत छातीवर एक पट्टा बांधायचा. हृदयाचा ठोका पडतो तेव्हा एक बारीकशी विद्युतलहर उठते, ती पट्ट्याला कळायची. कोण किती पळतो, कसा वळतो, हे मैदानाभोवतीचे कॅमेरे जर्सीच्या आकड्यावरून टिपायचे. पाय कॅमेऱ्याचे आणि हृदय पट्ट्याचं, असा हा कारभार. ही दोन्ही माहिती जोडून, जगभरातल्या हजारो सामन्यांशी ताडून पारखी सांगायचा, की हा खेळाडू येत्या शनिवारी साधारण किती गुण मिळवेल आणि किती मिनिटं मैदानावर राहील. लोकांना फक्त गुण दिसत. आतले आकडे प्रणोतीला बघायला मिळत, कारण तिच्या सदरावर कंपनीचाही खेळ चालायचा.

अंतिम सामन्याच्या आधीच्या गुरुवारी तिनं चुनेकर तालमीची यादी उघडली आणि तिचा हात थांबला. मल्हार अतिग्रे, अपेक्षित मिनिटं एकतीस.

मल्हार म्हणजे तालमीचा सेंटर फॉरवर्ड. जर्सी नऊ. हंगामभर एकही सामना त्यानं अर्धवट सोडलेला नव्हता. तो आणि विशू बालवाडीपासूनचे जोडीदार. निम्मी जेवणं त्यानं प्रणोतीच्याच हातची खाल्लेली.

तिनं पुण्याला ओजसला फोन लावला. पारखीची देखभाल करणाऱ्या चमूत तो होता. तरुण, नम्र आणि कामापुरतं बोलणारा.

“आकडा बरोबर आहे,” ओजस म्हणाला. “मी तपासला. तो हृदयाच्या नोंदीमुळे खाली आलाय.”

“काय झालंय त्याच्या हृदयाला?”

“ते पारखी सांगू शकत नाही, मॅडम. त्याला रोग कळत नाहीत. आपण त्याला वैद्यक शिकवलेलंच नाही, कायद्यानं तसं करताही येत नाही. कसंय, प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतो. माणूस पळायला लागला की ही तयारी झपाट्यानं व्हायला हवी. या नोंदीत ती अडखळते, गेल्या दोन सामन्यांत तर जास्तच. कुठं लवकर, कुठं उशिरा. जुन्या सामन्यांत अशी नोंद असलेले जे खेळाडू होते, ते बहुतेक वेळेआधी मैदानाबाहेर गेले. पारखीनं तेवढंच पाहिलंय.”

“बाहेर गेले म्हणजे कसे?”

“काही जण स्ट्रेचरवरून.”

“आणि परत आले का?”

“ते त्याला कुणी विचारलेलं नाही. त्याला मिनिटं विचारली होती, तो मिनिटं सांगतो.”

ओजसनं जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. चुनेकर तालमीच्या दोन खेळाडूंचे पाय आणि हृदय एकमेकांशी नीट जुळत नव्हते. पाय जोरात पळतात तेव्हा हृदय शांत, आणि उलटही. पट्टा सैल बांधत असतील, असं तो म्हणाला. तिनंही ते कानाआड केलं. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त मल्हार होता.

तिनं दोन गोष्टी केल्या. सदरात लिहिलं, ‘मल्हार अतिग्रेला बसवा’. आणि मल्हारला फोन करून सांगितलं, “उद्या सकाळी हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं. कारण विचारू नको. तुला माझी शपथ आहे.”

शहरात जाळ अन् धूर संगटच झाला. अंतिम सामन्याला मल्हारला बसवा? बाईचं डोकं ठिकाणावर आहे का? चुनेकरची माणसं म्हणाली, हिला विरोधकांनी फोडली. विरोधक म्हणाले, ही चुनेकरची चाल आहे. पण शपथेला जागून मल्हार शुक्रवारी सकाळी तपासून आला. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, पळवलं, सोनोग्राफी केली आणि पाठ थोपटून घरी पाठवलं.

“ताई, डॉक्टर म्हणाले, घोड्याचं काळीज हाय,” तो फोनवर हसत म्हणाला. “तुमच्या पारखीलाच एकदा तपासून घ्या.”

प्रणोती इतकी मोकळी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. दुपारीच तिनं लिहून टाकलं, ‘चूक झाली. पारखी चुकला आणि त्याच्यावर विसंबून मीही चुकले. मल्हार ठणठणीत आहे, त्याला खुशाल घ्या.’ लोकांनी तिची यथेच्छ टर उडवली. तिनं ती आनंदानं ऐकून घेतली. एक पोरगं वाचलं होतं, त्यापुढे अब्रूचं काय घेऊन बसायचं.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा विशू गॅलरीत बूट पुसत बसला होता. उद्या गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबची माणसं सामना बघायला येणार होती. त्यांनी दोन नावं आधीच विचारून ठेवली होती, मल्हारचं आणि विशूचं. आयुष्यभर याच एका दिवसाची वाट पाहिल्यासारखा तो बुटाचा एकेक खिळा घासत होता.

दोरीवर छातीचा पट्टा वाळत होता. प्रणोतीनं सहज तो खाली काढला. आतल्या बाजूला आकडा होता नऊ.

“हा मल्हारचा पट्टा इथं कसा राहिला?”

“राहिला न्हाई. माझाच हाय तो,” विशू बुटातून डोकं वर न काढता म्हणाला.

“तुझा चौदा नंबर.”

विशूनं जीभ चावली. मग हसला. “तुला सांगायचं न्हवतं. तालमीतली गोष्ट हाय.”

ती गोष्ट अशी होती. चुनेकर तालीम मुळात कुस्तीची. तिथं एक जुनी रीत होती. ज्या जोडीदाराबरोबर पैलवान मेहनत करायचा, त्याच्याशी हंगामाच्या पहिल्या दिवशी मारुतीसमोर दंडातला गंडा बदलायचा. तुझं बळ मला, माझं तुला. मग दोघं गंडाभाऊ, आणि गंडाभावाला मरेपर्यंत उघडं पाडायचं नाही. कुस्त्या मागं पडल्या, फुटबॉल आला. दंडातले गंडे गेले आणि छातीवर पट्टे आले. पोरांनी रीत तेवढी सोडली नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी मल्हारनं आणि विशूनं मारुतीसमोर पट्टे बदलले होते. पुण्याच्या इंजिनिअरांना हे कळणं शक्यच नव्हतं. आणि तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस येत नाही, त्यामुळे शहरातल्या प्रत्येक खेळाडूची चाल ओळखणाऱ्या प्रणोतीलाही कळलेलं नव्हतं.

कानाआड केलेले ओजसचे शब्द परत आले. पाय जोरात, हृदय शांत, आणि उलटही. हंगामभर मल्हारच्या नावावर जमा झालेलं ते अडखळणारं हृदय तिच्या समोर बसून बूट पुसत होतं. आणि बुटाची नाडी बांधायला वाकलेले आबा तिला लख्ख आठवले. तंबाखू नव्हती ती.

तिनं विशूला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि ब्रश खाली ठेवला.

“तू दुपारीच लिवलंस न्हवं, पारखी चुकला म्हणून?”

“मल्हारच्या बाबतीत लिहिलं, विशू. तो आकडा तुझा आहे.”

“काल म्हणालीस मल्हार मरणार. आज म्हणतीस मी. उद्या कोण?”

“आत्ता चल डॉक्टरांकडे. मल्हारला तपासलं त्यांच्याकडेच.”

“आन् त्यांनी जपून ऱ्हा म्हणून चार दिवस बसवलं तर? गोव्याची माणसं चार दिवस थांबणार हाईत?” त्याचा आवाज चढला. “सोमवारी येतो. आबांची शपथ. एक सामना, ताई. तुझ्याकडं कवा काय मागितलं न्हाई मी.”

खरंच त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. शाळेची सहल, नवे बूट, काहीच नाही. प्रणोतीला वाटलं, खेळू द्यावं. यंत्रच ते, चुकतही असेल. सोमवार काही लांब नाही. हा विचार गोड होता आणि त्या गोडीचीच तिला भीती वाटली.

सकाळी ती तालमीत गेली. दारात चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत पाऊल टाकलं. आत पोरं सामन्याआधी मारुतीला नारळ फोडायला जमली होती.

बापू वस्ताद पुढं आले. सत्तरी उलटलेले, आबांना गोलकीपर बनवणारे तेच. “पोरी, हितं आत बाया येत न्हाईत.”

“माहीत आहे, वस्ताद. माफी नंतर मागते. विशूला आज बसवा.”

तिनं का ते सांगितलं. पट्ट्यांचं नाव निघताच वस्तादांनी दार लोटून घेतलं. “हळू बोल. पट्टे बदलले म्हणून सामने भरवणाऱ्या लीगला कळलं तर सामना समोरच्या तालमीला बहाल करतील. नियम हाय तसा.”

“मी कुणालाही सांगत नाही. तुम्ही त्याला फक्त बसवा. दुसऱ्या कुणाला खेळवा.”

वस्ताद विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी विशूकडे वळून विचारलं, “काय रं, खरं हाय? पट्टे बदललेत तुम्ही?”

विशूनं बहिणीकडे बघितलं नाही. “न्हाई, वस्ताद. रीत करायची ऱ्हाऊन गेली औंदा. ताईचा गैरसमज झालाय.”

“मल्हार?”

मल्हारचा चेहरा पांढरा पडला होता. तो एकदा प्रणोतीकडे बघायचा, एकदा मारुतीकडे. ज्याच्या ताटात तो जेवला ते घर एकीकडे आणि ज्याला उघडं पाडायचं नाही तो गंडाभाऊ दुसरीकडे. “विशू म्हणतोय तसंच, वस्ताद,” तो म्हणाला.

वस्तादांनी हात जोडले. “पोरगं न्हाई म्हणतंय, तर मी कसा बसवू? जा तू. संध्याकाळी पेढे घेऊन येतो आम्ही.”

प्रणोती बाहेर आली. चौकात हलगी कडाडत होती. रस्ताभर चुनेकरचे पिवळे झेंडे लागले होते. ज्या गल्लीनं तिला पोरकी असताना सांभाळलं, डबे पाठवले, विशूच्या फीसाठी वर्गणी काढली, ती गल्ली गेली वीस वर्षं या चषकाची वाट बघत होती. तिच्या हातात आता एकच गोष्ट उरली होती. तिचं सदर. ते सगळे वाचत, लीगचे चिटणीससुद्धा.

ती नळाच्या कट्ट्यावर बसली आणि तिथंच लिहिलं. ‘विश्वजीत इंगवलेला बसवा. त्याच्या छातीवर मल्हार अतिग्रेचा पट्टा आहे आणि मल्हारच्या छातीवर त्याचा. दोघांनी हंगामाच्या सुरुवातीलाच ते बदलले आहेत. मल्हारच्या नावावर लागलेला धोका विश्वजीतचा आहे. तो माझा भाऊ आहे. लीगनं सामन्याआधी दोघांचे पट्टे तपासावेत.’ तिनं ते एकदा वाचलं आणि पाठवलं.

पुढचं सगळं दुपारी स्टेडियमवर भरगच्च गर्दीसमोर झालं. चिटणीसांनी दोन्ही संघ रांगेत उभे केले आणि विशूला पट्टा दाखवायला सांगितलं. विशू छातीवर हात घट्ट आवळून उभा राहिला. चुनेकरचे लोक ओरडायला लागले, की बाईच्या लिहिण्यावर पोरांची झडती कसली घेता. चिटणीसही कचरले. सामना तसाच सुरू होणार होता. तेवढ्यात रांगेतून मल्हार एक पाऊल पुढं आला आणि त्यानं स्वतःची जर्सी वर केली. पट्ट्यावर चौदा आकडा होता.

“ताई खरं सांगत्यात,” तो म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

सामना विरोधी तालमीला बहाल झाला. पारितोषिक समारंभ कुणी बघितला नाही. लोकांनी पिवळे झेंडे पायऱ्यांवरच टाकले. प्रणोतीच्या घरावर दगड आले नाहीत, पण त्या दिवसापासून गल्लीतून ओळखीची हाक येणं बंद झालं. किराणा दुकानदार सामान द्यायचा, सुट्टे मोजायचा आणि मान वळवायचा. दगड परवडले असते.

लीगनं विशूला सोमवारी तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. हृदयाचे दोन कप्पे वेगळे करणारी भिंत जाड झाली होती, जवळजवळ दुप्पट. जन्मापासून रक्तात उतरलेली गोष्ट. जोरात पळताना एखाद्या क्षणी विद्युतलहर वाट चुकते, गोल गोल फिरत राहते आणि हृदय ठोका द्यायच्या ऐवजी नुसतं थरथरतं. “वडील कशानं गेले?” डॉक्टरांनी विचारलं. प्रणोतीनं सांगितलं. त्यांनी तिलाही तपासलं, ती नीट निघाली. “यानं आता कधीही खेळायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “चालावं, फिरावं, लग्न करावं, म्हातारं व्हावं. पण बसच्या मागंसुद्धा पळायचं नाही.”

विशूनं मान हलवली. तो तिथं रडला नाही, घरी येऊनही नाही. त्यानं बोलणं सोडलं, तेही फक्त प्रणोतीशी.

एका छताखाली दोघं राहत होते. ती भाकरी करायची, तो जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. खेळाच्या सामानाच्या दुकानात त्यानं नोकरी धरली. दिवसभर दुसऱ्यांच्या फुटबॉलमध्ये हवा भरायचा. मल्हार रोज संध्याकाळी तिथं जाऊन त्याच्याशेजारी बसायचा. गोव्याला त्यालाही कुणी बोलावलं नव्हतं. विशूनं त्याला माफ केलं होतं. गंडाभावाला माफी होती, बहिणीला नव्हती. प्रणोतीला हे लागायचं. आपण त्याचा जीव वाचवला आणि त्यानं आपल्याला साधं ‘हूं’ सुद्धा म्हणू नये, याचा तिला रागही यायचा. मग तो निजल्यावर त्याची छाती वरखाली होताना ती बघायची आणि राग ओसरायचा. सदर लिहिणं तिनं बंद केलं होतं.

पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा ओजसचा फोन आला.

“मॅडम, एक अडचण झालीय. कुणाला सांगावी कळेना म्हणून तुम्हाला सांगतो.” तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. “पारखी दर हंगामानंतर स्वतःच्या चुकांवरून शिकतो. पट्ट्यांचं कळल्यावर ती एकतीस मिनिटांची नोंद आम्ही विश्वजीतच्या नावावर केली. पुढं काय झालं? सामना झाला नाही. विश्वजीत कोसळला नाही. आज जिवंत आहे. म्हणजे पारखीच्या दृष्टीनं अंदाज चुकला. त्या अडखळत्या नोंदीला आपण उगाच घाबरलो, असं तो शिकला.”

“पण तो वाचला म्हणून तर...”

“ते आपल्याला कळतं. त्याला नाही. आणि हे एकट्या विश्वजीतचं नाही. जगात आणखी काही जणांना असंच कुणी ना कुणी वेळेत थांबवलंय. वाचलेला प्रत्येक माणूस म्हणजे पारखीची एक चूक. जितके जास्त वाचतील, तितका तो आंधळा होत जाणार. नव्या आवृत्तीत मी विश्वजीतची जुनी नोंद घालून बघितली.”

“किती आली?”

“नव्वद. पूर्ण सामना खेळेल म्हणतो.”

“मग आता?” प्रणोतीनं विचारलं.

“नोंद दुरुस्त करता येते,” ओजस म्हणाला. “दवाखान्याचा अहवाल जोडायचा आणि मैदानाबाहेर का राहिला ते कारण लिहायचं. मग पारखी त्याला चूक धरत नाही. पण ते खेळाडूला स्वतः करावं लागतं, स्वतःच्या अंगठ्यानं. बहिणीची संमती चालत नाही.”

त्या दिवशी दुपारच्या जेवणाला विशू घरी आला तेव्हा प्रणोतीनं दोघांची ताटं वाढली आणि ती समोर बसली. इतक्या महिन्यांत ती अशी समोर बसली नव्हती. तिनं ओजसनं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. कुठं रडली नाही, कुठं उपकार दाखवले नाहीत. मोबाईल त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

विशू भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, “ह्यानं मला काय मिळणार?”

“काही नाही.”

“मी खेळलो असतो,” तो म्हणाला. “त्या दिवशी. सगळं खरं हाय म्हणून कळलं असतं तरी खेळलो असतो. आजबी खेळीन.”

“माहीत आहे.”

“मग कुणासाठी करायचं हे?”

“तुझ्यासारखाच कुणी असेल. खेळीनच म्हणणारा. त्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही.” तिनं मोबाईल थोडा पुढं सरकवला. “त्याच्या घरी त्याला अडवायला कुणी असेलच असं नाही, विशू. निदान आकडा तरी असू दे.”

विशू उठला. मोरीत हात धुतले, टॉवेलला पुसले आणि परत येऊन मोबाईल उचलला. दवाखान्याचा अहवाल जोडला. पडद्यावर प्रश्न आला, खेळाडू मैदानाबाहेर राहण्याचं कारण काय? खाली पर्याय होते. दुखापत. दमणूक. लाल कार्ड. प्रशिक्षकाचा निर्णय. इतर. त्यानं एकेक पर्याय वाचला. मग त्यानं ‘इतर’ निवडलं, एका बोटानं सावकाश काहीतरी लिहिलं, संमतीच्या जागी अंगठा टेकवला आणि मोबाईल तिच्याकडे सरकवला.

तिनं वाचलं. त्यानं लिहिलं होतं, ‘बहिणीनं बसवलं.’

प्रणोतीनं पदर डोळ्यांना लावला. विशूनं पुन्हा पाटावर बसून भाकरीचा तोच तुकडा हातात घेतला.

“ताई,” तो म्हणाला, “जेव. भाकरी गार व्हायलीय.”